फिलरचं स्टिकर कुठे आहे?

यंदा संक्रांतीनंतर आमच्या गोरेगावच्या सोसायटीत हळदीकुंकू झालं. वाण घेऊन बायका निघायच्या बेतात होत्या, तेवढ्यात कुणीतरी मोबाइलवर एका अभिनेत्रीचा फोटो दाखवला आणि पुढचा अर्धा तास तिच्या ओठांवर गेला. एका बाजूचं म्हणणं, देवाने दिलेला चेहरा बिघडवून घ्यायची ही थेरं आहेत, पैसा जास्त झाला की हेच सुचतं. दुसऱ्या बाजूला आमच्या मुली-सुना. त्यांचं पालुपद एकच: शरीर आमचं, पैसा आमचा, तुम्हाला काय करायचंय? टीव्हीवरच्या चर्चाही याच दोन खुंट्यांना बांधलेल्या असतात. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. फिलर घेणं पाप की हक्क यावर आपण घसा कोरडा करतो. पण ते द्रव्य कोणतं, टोचणारा हात कुणाचा आणि बिघडलं तर ते काढता येईल का, हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. माणसांना इजा होते ती याच प्रश्नांपायी. त्यांची उत्तरं देणं कायद्याने सक्तीचं व्हायला हवं, आणि त्याच वेळी फिलर घेणाऱ्यांची टिंगल थांबायला हवी. या दोन मागण्या वेगवेगळ्या दिसतात, पण एकीवाचून दुसरी साधणार नाही असं माझं ठाम मत आहे.

आधी एक गल्लत दूर करते. बोटॉक्स आणि फिलर एक नव्हेत. बोटॉक्स स्नायू सैल करतं. फिलर म्हणजे त्वचेखाली घातलेली भर. गाल बसले, डोळ्यांखाली खळगे पडले, ओठ पातळ वाटले की तिथे सुईने ती भर घालतात. ही खटपट सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. १८९३ मध्ये जर्मनीत गुस्ताव नॉयबर या शल्यविशारदाने रुग्णाच्या दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरच्या खोल व्रणाखाली बसवली. पुढे काही वर्षांतच व्हिएन्नात रोबेर्ट गेर्सुनी यांनी सरळ व्हॅसलिन टोचलं. त्यांचा पहिला रुग्ण नटवा नव्हता. क्षयामुळे वृषण काढावे लागलेला तो एक तरुण होता आणि उणीव दिसू नये एवढंच त्याला हवं होतं. प्रयोग जमला म्हटल्यावर पॅराफिन मेणाची लाट आली. नाकात भर, गालात भर, स्तनांत भर. काही वर्षांनी ते मेण सरकू लागलं, त्याच्या गाठी झाल्या, कातडी फुटली. ग्लॅडिस डीकन ही त्या काळची विख्यात सुंदरी, पुढे मार्लबरोची डचेस झालेली. नाक ग्रीक पुतळ्यासारखं सरळ दिसावं म्हणून तिने ऐन तारुण्यात त्यात मेण भरून घेतलं आणि ते खाली हनुवटीपर्यंत उतरलं. उरलेलं सगळं आयुष्य तिने तोच चेहरा वागवला, कारण एकदा आत गेलेलं मेण बाहेर काढायची कुठलीच सोय नव्हती.

त्यातून वैद्यकाने धडा घेतला म्हणावं, तर दुसऱ्या महायुद्धानंतर द्रवरूप सिलिकोन आलं. जपानमध्ये ते स्तनांत टोचलं जाऊ लागलं, मग अमेरिकेत लास व्हेगासच्या नर्तकींपर्यंत पोचलं. वर्षांनुवर्षांनी गाठी, जखमा, संसर्ग. नेवाडा राज्याला १९७० च्या दशकात कायदा करून ते थांबवावं लागलं. पुढे १९८१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गायीच्या कातडीपासून केलेल्या कोलॅजेनला मान्यता दिली, तेव्हा दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे आधी हातावर थोडंसं टोचून आठवडेच्या आठवडे वाट पाहायची, कारण शंभरातल्या तीनेक जणांना त्याची अ‍ॅलर्जी निघे. दुसरी म्हणजे ते काही महिन्यांत आपोआप विरून जाई. टिकत नाही म्हणून लोक कुरकुरले, पण तीच त्याची सुरक्षितता होती.

आज आपल्याकडे जे प्रामुख्याने वापरतात ते हायलुरॉनिक अ‍ॅसिड. १९३४ मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते गायीच्या डोळ्यातल्या काचेसारख्या द्रवातून वेगळं काढलं. आपल्या त्वचेत, सांध्यांत ते असतंच. पुढे ते कोंबड्याच्या तुऱ्यापासून मिळवलं गेलं, नंतर जिवाणू वाढवून. नुसतं टोचलं तर शरीर ते दोन-चार दिवसांत पचवून टाकतं, म्हणून त्याच्या साखळ्या रसायनाने एकमेकींना बांधून जेल करतात. स्वीडनमध्ये तयार झालेलं असं पहिलं गाजलेलं जेल १९९६ मध्ये युरोपात आलं आणि २००३ च्या डिसेंबरात त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते महिनोन्महिने टिकतं हा त्याचा गुण खरा, पण मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा गुण. हायलुरॉनिडेज नावाचं एक एन्झाइम टोचलं की हे जेल विरघळतं. डोळ्यांच्या ऑपरेशनच्या भुलीत आपल्याकडे ते पूर्वीपासून वापरतात, म्हणजे ते काही दुर्मीळ औषध नाही. मेणाला उतारा नव्हता, सिलिकोनला नव्हता, याला आहे. शंभर वर्षं माणसांचे चेहरे बिघडवून झाल्यावर वैद्यकाला परतीची वाट सापडली. फिलरच्या या सगळ्या प्रवासाचं सार मला यात दिसतं, आणि आपण मुंबईत नेमकी हीच कमाई गमावतो आहोत.

कशी ते माझ्या भाचीने मला दाखवलं. लग्नाला पाच आठवडे होते. उपनगरातल्या एका पार्लरमध्ये 'ब्रायडल ऑफर' होती, फेशियल, केस आणि वरचा ओठ भरून. चांगल्या दवाखान्यात जेवढे पडतात त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात. संध्याकाळी टोचलं, रात्री ओठ दुखू लागला. तिने पार्लरला फोन केला; सांगितलं गेलं, सूज आहे, बर्फ लावा. घरी तिने कुणाला सांगितलं नाही. आईला काय सांगणार? ती तर आदल्याच आठवड्यात कुणाच्या तरी मुलीचा फोटो बघून 'बदकाचे ओठ' म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याकडे आली, तोंडावर रुमाल धरून. "मावशी, बघ ना गं, हे असं पांढरं पडलंय." वरच्या ओठाचा उजवा भाग पिठासारखा पांढरा होता आणि त्यातून नाकाच्या दिशेने निळसर जाळी चढत होती. मी काही डॉक्टर नाही, पण हे सुजेचं लक्षण नव्हे एवढं कुणालाही कळलं असतं. फिलर रक्तवाहिनीत शिरलं होतं किंवा तिच्यावर दाबून बसलं होतं. पुढच्या कातडीला रक्त मिळत नव्हतं. अशा वेळी ऊब द्यायची असते. बर्फाने आहेत त्याही वाहिन्या आकसतात.

त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी ओठाला हात लावायच्या आधी विचारलं, "स्टिकर आहे का?" मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी कपाटातून एक खोकं काढून दाखवलं. आत एक मिलिलिटरची सिरिंज, आणि तिच्यासोबत छोटी चिकटपट्टीची लेबलं, त्यांवर कंपनीचं नाव, बॅच नंबर, मुदत. एक रुग्णाच्या केसपेपरवर लावायचं, एक रुग्णाला द्यायचं. भाचीकडे काहीच नव्हतं. पार्लरला फोन लावला तर उत्तर आलं, "कोरियन आहे, चांगलं आहे." डॉक्टर म्हणाल्या, "हे हायलुरॉनिक असेल तर मी विरघळवू शकते. दुसरं काही असेल तर माझ्या हातात फारसं नाही." त्या अंदाजाने टोचत गेल्या, अर्ध्या-एक तासाने बघायचं, पुन्हा टोचायचं. रात्री नऊच्या सुमाराला ओठाला रंग आला. नशीब, ते हायलुरॉनिकच होतं. आतल्या बाजूला मसुराएवढा व्रण राहिला आहे. जीभ लागली की जाणवतो, म्हणते.

आता पहिल्या बाजूचे मुद्दे घेते, कारण ते हलके नाहीत. ही 'निवड' मोकळी नसते, असं त्या म्हणतात, आणि ते खरं आहे. मुलीचा फोटो वधुवर सूचक मंडळात जातो, ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर तिला दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर दिसतो, मोबाइल तर फोटो काढायच्या आधीच कातडी गुळगुळीत करून देतो. एवढ्या आरशांच्या मधोमध बसून 'मी माझ्यासाठी करते' म्हणणाऱ्या मुलीला मी खोटं ठरवणार नाही, पण त्या 'माझ्यासाठी'त किती जणांचे आवाज मिसळले आहेत हेही मला दिसतं. दुसरा मुद्दा जास्त जड आहे. धडधाकट माणसाने विनाकारण धोका का पत्करावा? फिलर चेहऱ्यावरच्या धमनीत दाबाने शिरलं तर ते उलट्या दिशेने डोळ्याच्या धमनीपर्यंत जाऊन पडद्याचा रक्तपुरवठा तोडू शकतं. २०१५ मध्ये जगभरच्या वैद्यकीय नोंदी धुंडाळून अशा ९८ घटना एकत्र मांडल्या गेल्या. दोन भुवयांच्या मधली जागा आणि नाक सर्वांत धोक्याचं ठरलं. रक्त तुटलेला पडदा तास-दीड तासात निकामी होतो. आमच्या पश्चिम द्रुतगती मार्गावर संध्याकाळी एवढ्या वेळात माणूस अंधेरीहून दादरला पोचेलच असं नाही. आणि तिसरा मुद्दा, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं: पदव्युत्तर प्रवेशाला उत्तम गुण मिळवलेली मुलं त्वचारोग शाखा घेतात आणि त्यातली कितीतरी खासगी सौंदर्य-दवाखान्यांकडे वळतात, तर सरकारी ओपीडीत कुष्ठरोग आणि हटवादी नायट्याची रांग दाराबाहेर गेलेली असते. याचा मला मनापासून राग येतो.

तरीही 'हे नटवेपण आहे, बंद करा' या निष्कर्षाशी मी का येत नाही? एक तर नटवेपण आणि उपचार यांच्यातली रेघ वाटते तितकी ठळक नाही. १७९० च्या दशकात इंग्रजांकडे काम करणाऱ्या कावसजी या गाडीवानाचं नाक टिपूच्या सैनिकांनी कापलं. पुण्यात एका कुंभार वैद्याने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. मुंबईतल्या इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं, १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात सचित्र छापून आलं, आणि वीस वर्षांनी जोसेफ कार्प्यू यांनी तिथे तशी शस्त्रक्रिया केली. नाकाच्या भोकांनी कावसजीचा श्वास तर आधीही चालूच होता. त्याला नाक हवं होतं ते चारचौघांत मान वर करून वावरण्यासाठी. त्याला कुणी नटवा म्हटल्याचं मी वाचलेलं नाही.

दुसरं उदाहरण माझ्या डोळ्यांदेखतचं. २००४ च्या एप्रिलमध्ये सरकारने एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली, आणि मी त्या काळात एका संस्थेतर्फे समुपदेशनाला जात असे. स्टॅव्हुडीन या स्वस्त औषधाने हजारोंचे जीव वाचवले, पण ते गालातली चरबी खात असे. कानशिलं बसायची, गालफडं आत जायची, आणि चेहरा बघून लोक ओळखू लागले. लालबागचे एक गृहस्थ मला म्हणाले होते, "बाई, गोळीने जीव वाचवला, पण तोंडावर पाटी लावली." त्यांनी दाढी वाढवली, मग चाळ सोडली. त्याच २००४ साली अमेरिकेत पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिडच्या एका फिलरला मान्यता मिळाली, ती अशाच बसलेल्या गालांसाठी. आणि २०१० पासून तिथली सरकारी विमा योजना एचआयव्हीच्या अशा रुग्णांसाठी फिलरचा खर्च देऊ लागली. तेच इंजेक्शन पुढे सुरकुत्यांसाठी विकलं गेलं. आता सांगा, ते औषध की नखरा? आत काय आहे ते तर दोन्हीकडे सारखंच होतं.

आणि टिंगलीचा परिणाम काय होतो? टिंगलीने फिलर थांबल्याचं मी पाहिलं नाही; ते लपवलं गेल्याचं पाहिलं. माझ्या भाचीचे सोळा-सतरा तास लाजेत गेले. उताऱ्याला किंमत असते ती पहिल्या काही तासांत. 'बदकाचे ओठ' म्हणणारी माझी सख्खी बहीण आहे आणि तिच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही, पण त्या एका शब्दाने तिची मुलगी तिच्याकडे जाऊ शकली नाही. शंभर वर्षांपूर्वी याच मुंबईत र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हाही भल्या माणसांनी नीतीचा प्रश्न उभा केला आणि त्यांची प्राध्यापकी गेली. त्या नीतीमुळे किती बायका वाचल्या?

आता 'शरीर आमचं' म्हणणाऱ्या मुलींशी बोलते, कारण मन त्यांच्या बाजूला झुकत असूनही त्यांचा युक्तिवाद मला अर्धवट वाटतो. शरीर तुमचं, मान्य. पण त्यात काय गेलं हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर तुम्ही निवडलं काय? भाजीवालीकडून मेथीची जुडी घेताना आपण ती उलटीपालटी करून बघतो. इंग्लंडमध्ये ब्रूस कीओ यांच्या समितीने २०१३ मध्ये स्पष्ट लिहिलं, की फिलर घेणाऱ्याला बॉलपेन किंवा टूथब्रश विकत घेणाऱ्यापेक्षा जास्त संरक्षण नाही. त्यानंतरही तिथे संथपणेच हललं, पण ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालच्यांना सौंदर्यासाठी फिलर टोचणं इंग्लंडमध्ये गुन्हा झाला. आपल्याकडे दहावीच्या सुट्टीत ओठ भरून घ्यायला मुलगी गेली, तर तिला अडवायला कोणता नियम आहे?

कायदा आलाच तर दर वाढतील आणि लोक चोरवाटेने जातील, हा आक्षेपही मी ऐकते. तो खोटा नाही. पण आपल्याच देशातलं एक उदाहरण बघा. गर्भपाताचा प्रश्न याहून कितीतरी गंभीर, तुलना मी जपूनच करते. १९६० च्या दशकात महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे नीतीचा वाद होताच, पण समितीने पाहिलं ते दाया-भोंदूंच्या हातून मरणाऱ्या बायकांकडे. १९७१ चा कायदा आला तो कोण करू शकेल आणि कुठे करता येईल हे ठरवूनच. चोरवाटा तेवढ्याने संपल्या नाहीत, हे कबूल. पण सुरक्षित हात कोणता हे त्यानंतर विचारता येऊ लागलं, आणि चुकीच्या हाताला जाबही विचारता येऊ लागला.

फिलरच्या बाबतीत महाराष्ट्रात तो जाब कुठे अडकतो? नर्सिंग होम नोंदणीचा आपला कायदा १९४९ चा, रुग्ण दाखल करून घेणाऱ्या जागांचा विचार करून केलेला. दोन खुर्च्या आणि एक रिंगलाइट असलेल्या खोलीला तो लागू होत नाही. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा राज्याने स्वीकारलेला नाही. नोंदणी नसताना वैद्यकी करणं १९६१ च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे, पण पार्लर म्हणतं, आम्ही वैद्यकी करतच नाही, सौंदर्यसेवा देतो. जीएसटीत मात्र जन्मजात व्यंग किंवा अपघाताची इजा नसेल तर सौंदर्य-शस्त्रक्रियेला आरोग्यसेवेची करमाफी नाही. कर घेताना सरकारला ही चैन स्पष्ट दिसते. मग देखरेख करताना हीच गोष्ट कुणाच्याच टेबलावर कशी नसते?

पार्लर चालवणाऱ्या बायकांच्या पोटावर मला पाय द्यायचा नाही. आमच्या गल्लीतल्या पार्लरवालीने थ्रेडिंग करून दोन मुलं इंजिनिअर केली, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण सुई कातडीच्या खाली गेली की तिथे धमन्या असतात, आणि धमनी अडली तर काय करायचं हे शिकायला वर्षं लागतात. हे डॉक्टरांनाही सांगायला हवं. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले पदवीधर मीही पाहिले आहेत. म्हणून नुसतं 'डॉक्टरांनीच करावं' म्हणून भागणार नाही. टोचणाऱ्याची वैद्यक परिषदेची नोंदणी आणि या कामाचं प्रशिक्षण, दोन्ही दारावर दिसायला हवं. हायलुरॉनिडेजची कुपी आधी कपाटात असावी, मग सिरिंज उघडावी. आणि ते चिमुकलं लेबल रुग्णाच्या हातात पडल्याशिवाय पैसे घेता येऊ नयेत. यातल्या कुठल्याच गोष्टीला मोठा खर्च नाही. लेबल तर खोक्यातच असतं. आज ते कचऱ्यात जातं.

भाचीचं लग्न होऊन आता दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात तिने पुन्हा ओठ भरून घेतला, या वेळी त्याच त्वचारोगतज्ज्ञांकडे, आणि आईला आधी सांगून. मला तिचा पहिला ओठच आवडायचा, हे मी तिला सांगितलेलं आहे. दवाखान्यातून निघताच तिने मला फोटो पाठवला. चेहऱ्याचा नव्हे, तळहातावर चिकटवलेल्या त्या स्टिकरचा. मी तिला लिहिलं, बॅच नंबर दिसतोय, मुदतीची तारीख अंगठ्याखाली गेली आहे, पुन्हा काढून पाठव.